युद्धकाळातली बातमी: पाहिले कोणी, सांगितले कोणी

८ मे २०२५ च्या रात्री महाराष्ट्रातली अनेक घरे उशिरापर्यंत जागी होती. ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन दोन दिवसही झाले नव्हते. वाहिन्यांवर सायरन वाजत होते आणि खालच्या पट्टीवर एकामागून एक बातमी धावत होती: नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केले, इस्लामाबाद ताब्यात आले, पाकिस्तानचे लष्करप्रमुख अटकेत. उजाडल्यावर यातले काहीही खरे ठरले नाही. कराची बंदराचे काम नेहमीसारखे चालू होते. तिथल्या हल्ल्याची म्हणून फिरलेली एक चित्रफीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या विमान अपघाताची निघाली. ११ मे रोजी व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी पत्रकारांना सांगितले की नौदल कराचीसह ठरवलेल्या लक्ष्यांवर मारा करायला सज्ज होते. सज्ज होते, याचा अर्थ मारा झालेला नव्हता. एका मोठ्या हिंदी वाहिनीने नंतर प्रेक्षकांची माफी मागितली. बाकीच्या बहुतेकांनी विषय बदलला.

त्याच दिवसांतली दुसरी एक बातमी मला याहून गंभीर वाटते. ७ मे रोजी पलीकडून झालेल्या तोफमाऱ्यात पूंछमधल्या एका मदरशाचे शिक्षक ठार झाले. काही राष्ट्रीय वाहिन्यांनी त्यांचे छायाचित्र दाखवले आणि हा पाकव्याप्त काश्मीरमधल्या तळावर मारला गेलेला दहशतवादी, असे सांगून टाकले. पूंछ पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला की हे आपलेच नागरिक आहेत आणि त्यांचा कोणत्याही दहशतवादी संघटनेशी संबंध नव्हता. जूनअखेरीस पूंछच्या न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. शत्रूच्या तोफेने मेलेल्या माणसाला आपल्याच देशातल्या वाहिन्यांनी शत्रू ठरवले. त्याच्या घरच्यांवर त्या दिवशी काय गुदरले असेल याची कल्पनाही करवत नाही.

पलीकडेही तेच चालले होते. पाकिस्तानचे उपपंतप्रधान इशाक दार यांनी तिथल्या सिनेटमध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’चा हवाला देऊन आपल्या हवाई दलाचे गोडवे गायले. तो मजकूर एका बनावट पहिल्या पानावरचा होता, आणि ते उघड केले पाकिस्तानातल्याच ‘डॉन’ने. आपल्याकडे सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी मेअखेरीस सिंगापूरमध्ये सांगितले की या मोहिमेत सैन्यदलांचा १५ टक्के वेळ खोट्या माहितीला उत्तर देण्यात गेला. भारतानेही लढाऊ विमाने गमावली हे त्यांनी मान्य केले ते त्याच भेटीत, ३१ मे रोजी. त्याआधीचे तीन आठवडे देशातल्या चर्चांत हा प्रश्न नुसता विचारणाऱ्यालाही ‘तू कोणाच्या बाजूचा’ असे ऐकावे लागत होते.

अशा वेळी लोक साहजिकच विचारतात की मग विश्वास ठेवायचा कोणावर? कोणते वर्तमानपत्र, कोणती वाहिनी? गेल्या शंभर वर्षांतल्या युद्धांच्या बातमीदारीचा इतिहास पाहिला तर हा प्रश्नच अपुरा आहे असे माझे मत झाले आहे. विश्वास नावावर ठेवायचा नसतो. तो एकेका विधानावर ठेवायचा असतो, आणि तेही ते विधान आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले हे पाहून. द्रोणाचार्यांनी शहानिशा केली नव्हती असे नाही. अश्वत्थामा मेला हे भीमाच्या तोंडचे त्यांनी मानले नाही. ते युधिष्ठिराकडे गेले, कारण तो खोटे बोलत नाही अशी त्याची ख्याती होती. त्यांनी माणूस तपासला, वाक्य तपासले नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ हे त्या दिवशीचे सगळ्यात विश्वासार्ह सूत्र होते, आणि त्यानेच त्यांचा घात केला.

नामवंत सूत्राने घात करण्याचे अलीकडचे सर्वांत मोठे उदाहरण इराकचे. ८ सप्टेंबर २००२, रविवार. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर मायकेल गॉर्डन आणि ज्युडिथ मिलर यांची बातमी होती: सद्दाम हुसेन अणुबॉम्बसाठी लागणाऱ्या खास ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवण्याच्या खटपटीत आहे. माहिती देणारे अधिकारी निनावी होते. त्याच सकाळी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी दूरचित्रवाणीवर आले आणि याच बातमीचा दाखला देऊन त्यांनी युद्धाची बाजू मांडली. म्हणजे सरकारमधल्या माणसांनी वर्तमानपत्राच्या कानात सांगायचे, वर्तमानपत्राने छापायचे, आणि सरकारने छापलेले दाखवून म्हणायचे की बघा, वर्तमानपत्रही हेच सांगते आहे. ऐकणाऱ्याला वाटते दोन साक्षीदार आहेत. साक्षीदार एकच असतो, दोन दारांनी आलेला. त्या नळ्या रॉकेटसाठीच्या आहेत असे अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातल्या तज्ज्ञांचे म्हणणे होते. ते लोकांपुढे ठळकपणे यायला फार उशीर झाला.

त्याच काळात ‘नाइट रिडर’ या वृत्तसमूहाचे जोनाथन लँडे आणि वॉरेन स्ट्रोबेल हे बातमीदार नेमके उलटे लिहीत होते. त्यांची पद्धत साधी होती. मंत्री आणि त्यांच्या भोवतीच्या माणसांऐवजी ते गुप्तचर आणि संरक्षण खात्यांतल्या मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांकडे जात. हे लोक कागद स्वतः वाचणारे. राजकीय निर्णयाचे श्रेय किंवा अपश्रेय त्यांच्या वाट्याला येणार नव्हते. पण या समूहाचे एकही दैनिक वॉशिंग्टन किंवा न्यूयॉर्कमध्ये निघत नव्हते, आणि त्यांच्या काही बातम्या त्यांच्याच समूहातल्या दैनिकांनी छापल्या नाहीत. राजधानीत जे वाचले जाते त्यावर देशाची चर्चा ठरली. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले. महासंहारक अस्त्रे सापडली नाहीत. २६ मे २००४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपली बातमीदारी पुरेशी काटेकोर नव्हती हे संपादकांच्या टिपणात मान्य केले.

हे टिपण उशिरा आले, पण आले, आणि माझ्या दृष्टीने त्याला मोल आहे. चूक कबूल करणारे वर्तमानपत्र आणि चूक पुसून टाकणारी वाहिनी यांना एकाच तागडीत तोलता येणार नाही.

आपल्याकडे याचा अभ्यास करायला २०१९ चा फेब्रुवारी पुरेसा आहे. २६ फेब्रुवारीला बालाकोटचा हल्ला झाला. परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी वाचलेल्या निवेदनात ‘फार मोठ्या संख्येने’ दहशतवादी मारले गेले असे म्हटले होते; आकडा नव्हता. दुपारपर्यंत वाहिन्यांवर ‘सूत्रांच्या हवाल्याने’ तीनशेचा आकडा फिरू लागला. मार्चच्या सुरुवातीला अमित शहा यांनी अडीचशेहून अधिक असे सांगितले. ४ मार्चला हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ कोइमतूरमध्ये म्हणाले की किती मेले ते हवाई दल मोजत नाही, लक्ष्यावर मारा झाला की नाही एवढे पाहते. ही विधाने शेजारी ठेवून वाचा. ज्याने विमाने पाठवली तो आकडा देत नाही. ज्यांना निवडणूक लढवायची आहे ते देतात. वाहिनीवरचे सूत्र तर कोण हेच ठाऊक नाही. कोणाला काय कळणे शक्य होते, एवढा एकच प्रश्न विचारला असता तरी त्या आकड्याचे वजन कळले असते. पण पुरावा मागणारा देशद्रोही आणि न मागणारा भक्त, अशा दोन फळ्या तोवर पडल्या होत्या आणि प्रश्न विचारायला मधे जागाच उरली नव्हती.

बालाकोटच्या दुसऱ्याच दिवशी, २७ फेब्रुवारीला, बडगामजवळ हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. हवाई दलाच्या त्या सहा जणांत नाशिकचाही एक तरुण अधिकारी होता. पहिल्या बातम्यांत तांत्रिक बिघाडाचा सूर होता. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, ही मोठी चूक होती, असे नवे हवाई दलप्रमुख आर. के. एस. भदौरिया यांनी ४ ऑक्टोबरला जाहीरपणे सांगितले. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती. सैन्य खोटे बोलले असा याचा अर्थ मी लावत नाही. चौकशीला वेळ लागतो. पण युद्धाच्या पहिल्या दिवशीची अधिकृत माहिती अपुरी असते, आणि मतदार आपला कौल त्या अपुऱ्या माहितीवर देतो, हे वास्तव आहे.

मग अधिकृत ते संशयास्पद आणि चोरून सांगितलेले ते खरे, असे समीकरण मांडायचे का? तेही चालत नाही. मात्र कधीकधी तसे असते, आणि त्याचा दाखला आपल्या घरातलाच आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना वर्तमानपत्रांवर कडक सेन्सॉर होता. आष्टी आणि चिमूरमध्ये पोलीस आणि लष्कराने काय केले हे देशाला धडपणे कळत नव्हते. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या काँग्रेस रेडिओने त्या अत्याचारांचा सविस्तर वृत्तांत ऐकवला. जागा बदलत बदलत चाललेले ते गुप्त केंद्र १२ नोव्हेंबरच्या छाप्यात बंद पडले. सरकारच्या दृष्टीने ते बेकायदा प्रचारकेंद्र होते. विदर्भातल्या त्या दोन गावांपुरते तरी सत्य त्याच्याकडे होते.

पहिल्या महायुद्धाने याच्या नेमका उलटा धडा दिला. एप्रिल १९१७ मध्ये ‘टाइम्स’ आणि ‘डेली मेल’ या ब्रिटिश दैनिकांनी छापले की जर्मन लोक एका फॅक्टरीत आपल्याच सैनिकांची प्रेते उकळून त्यांची चरबी काढतात. ती फॅक्टरी जनावरांच्या मढ्यांची होती. डिसेंबर १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत जर्मनीचा इन्कार स्वीकारला. १९२८ मध्ये आर्थर पॉन्सनबी यांनी युद्धातल्या असत्यांवर पुस्तकच लिहिले, आणि एका पिढीने शपथ घेतली की आता पुन्हा फसायचे नाही. त्यामुळे २५ जून १९४२ रोजी ‘डेली टेलिग्राफ’ने पोलंडमध्ये सात लाख ज्यूंची हत्या झाल्याची बातमी दिली तेव्हा ती आतल्या पानावर होती, आणि ‘पुन्हा तीच प्रेतांची गोष्ट’ म्हणून ती झटकणारे बरेच होते. या वेळी ती खरी होती. ‘सगळेच खोटे बोलतात’ म्हणणारा माणूस स्वतःला शहाणा समजतो. मला तो भाबड्या माणसाइतकाच धोकादायक वाटतो, कारण ज्याला अत्याचार लपवायचा असतो त्याला नेमके एवढेच हवे असते.

चांगला पुरावा कसा दिसतो हे पाहायचे तर १९७१ कडे वळावे. अँथनी मस्करेन्हस हा पत्रकार मूळ गोव्याच्या कुटुंबातला, बेळगावात जन्मलेला आणि कराचीत वाढलेला. कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’मध्ये तो होता. एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने काही पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात फिरवून आणले, सगळे आलबेल आहे असे लिहवून घेण्यासाठी. बाकीच्यांनी तसे लिहिले. मस्करेन्हसने लिहिले नाही. तो लंडनला गेला, ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांना भेटला, परत येऊन आधी बायकामुलांना देशाबाहेर काढले आणि मग स्वतः अफगाणिस्तानच्या वाटेने निसटला. १३ जून १९७१ रोजी त्याचा लेख छापून आला.

तो लेख इतका भारी का ठरला? त्याने जे लिहिले ते स्वतः कोमिल्लाच्या छावणीत बसून, अधिकाऱ्यांसोबत फिरून पाहिले होते. अधिकाऱ्यांची नावे आणि हुद्दे त्यात होते. खोटे असते तर खोडून काढता आले असते. ते सांगून त्याला घर, नोकरी, देश सगळे गमवावे लागणार होते. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे त्याच लेखात त्याने मार्चमध्ये बंगाली जमावाने बिगरबंगाली कुटुंबांच्या केलेल्या कत्तलीही सांगितल्या. त्याच्या मुख्य म्हणण्याला ते अडचणीचे होते. तरीही त्याने ते गाळले नाही. आपल्या बाजूला न सोसणारी गोष्ट जो स्वतःहून सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्याकडे मी अधिक गांभीर्याने पाहतो.

प्रत्यक्षदर्शीही पढवलेला असू शकतो, हे मात्र विसरून चालणार नाही. १० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये नायिरा नावाच्या पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने रडत सांगितले की इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या काचपेट्यांतून अर्भके काढून फरशीवर टाकली. राष्ट्राध्यक्षांपासून खासदारांपर्यंत सगळ्यांनी ती कहाणी भाषणांत वापरली. अमेरिकी सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला मंजुरी दिली. ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची कन्या होती आणि त्या प्रचारमोहिमेचे काम हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी पाहत होती, हे लोकांना कळले जानेवारी १९९२ मध्ये, युद्ध संपल्यावर.

युक्रेन आणि गाझाच्या युद्धांत एक नवे साधन हाती आले आहे: कोणालाही तपासता येईल असे चित्र. रशियाने म्हटले की युक्रेनमधल्या बुचातली प्रेते आमचे सैन्य गेल्यावर मांडून ठेवली. मॅक्सार कंपनीच्या उपग्रहचित्रांत तीच प्रेते मार्चच्या मध्यावर, म्हणजे रशियन सैन्य तिथे असतानाच, रस्त्यावर पडलेली दिसली. २३ मार्च २०२५ रोजी रफाहमध्ये इस्रायली सैन्याने १५ मदत कर्मचाऱ्यांना मारले. त्यांच्या गाड्या दिवे न लावता येत होत्या असे सैन्याने आधी सांगितले. मेलेल्या एका रुग्णसेवकाच्या फोनमध्ये चित्रण सापडले. त्यात रुग्णवाहिकांचे दिवे लखलखत होते. सैन्याला आपले म्हणणे बदलावे लागले.

पण ज्यांची बाजू दुबळी त्यांचे प्रत्येक विधान खरे, असेही नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या अल-अहली इस्पितळातल्या स्फोटाचा दोष इस्रायलवर टाकणारे हमासचे म्हणणे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मथळ्यात घेतले आणि सहाच दिवसांत त्यावर जादा विसंबल्याची कबुली दिली. युक्रेनच्या ‘कीव्हचे भूत’ म्हणून गाजलेल्या वैमानिकाची कथा ही दंतकथा असल्याचे तिथल्या हवाई दलानेच पुढे सांगितले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका नामांकित वृत्तसंस्थेने एकाच निनावी अधिकाऱ्याच्या भरवशावर रशियन क्षेपणास्त्र पोलंडमध्ये पडल्याचे जगाला कळवले. नाटोतला देश युद्धात ओढला जातो की काय अशी ती वेळ होती. बातमी मागे घ्यावी लागली.

जिथे बातमीदाराला जाऊच दिले जात नाही तिथला प्रश्न वेगळा. ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलने परदेशी पत्रकारांना गाझात मोकळेपणाने फिरू दिले नाही. रशियात मार्च २०२२ पासून सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवल्याबद्दल १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दार कोणी बंद केले आहे, ही देखील एक माहितीच असते आणि बातमी तोलताना ती धरलीच पाहिजे.

यातून सरकारनेच खरे-खोटे ठरवावे असा उपाय पुढे येतो. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) पडताळणी विभागाने कितीतरी पाकिस्तानी अफवा वेळेवर खोडल्या, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण आपल्याच वाहिन्यांनी जिंकलेल्या इस्लामाबादबाबत तितकी तत्परता दिसली नाही. लढणारा पक्ष पंच होऊ शकत नाही. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलची माहिती खोटी ठरवण्याचा कायदेशीर अधिकार सरकारी कक्षाला देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरवली. मला तो निर्णय योग्य वाटतो, आणि युद्धाच्या काळात तर अधिकच.

राहता राहतो वाचक. १९२० मध्ये वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ यांनी रशियन क्रांतीवरच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या तीन वर्षांच्या बातम्या तारीखवार तपासल्या. बोल्शेविक सरकार पडले किंवा पडण्याच्या बेतात आहे असे त्यात ९१ वेळा सूचित केले होते. त्यांना त्यामागे कट आढळला नाही. बातमीदार आणि संपादक यांच्या मनातली इच्छाच बातमी होऊन छापली गेली होती. हेच पानिपतानंतर महाराष्ट्राचेही झाले. सदाशिवराव भाऊ गेले हे मन मानायला तयार नव्हते. म्हणून पंधरा वर्षांनी तोतयाच्या मागे कोकणात फौज उभी राहू शकली आणि १७७६ मध्ये पुणे दरबाराला त्याला देहदंड द्यावा लागला. आपल्याला जी बातमी ऐकायची असते तिची चौकशी आपण करत नाही. ‘माजी सैनिकांच्या ग्रुपवरून आलंय’ एवढ्यावर ती पुढे जाते, आणि पाठवणारा आपला मावसभाऊ किंवा शाळेतला मित्र असल्याने कोणी आवाज काढत नाही.

लिपमन आणि मर्झ यांनी केलेले काम घरबसल्या करता येते. पुढच्या वेळी सीमेवर गोळीबार सुरू झाला की आपण पाहतो त्या वाहिनीचे आणि वाचतो त्या दैनिकाचे दोन-तीन मोठे दावे तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि महिन्याभराने पडताळून पाहा. खोटे ठरलेल्या दाव्याची दुरुस्ती मूळ बातमीएवढ्या ठळक जागी आली नसेल तर संपादकांना पत्र लिहा, उत्तर मागा, आणि उत्तर आले नाही तर वर्गणी बंद करा. चालू दिवसांत मावसभावाचा संदेश आला तर त्याला चारचौघांत न खिजवता एवढेच विचारा की हे कोणी पाहिले. उत्तर नसेल तर तो संदेश पुढे पाठवू नका.